वर राहिलेला खडा

॥ श्री ॥
मुक्काम पाखरगड पायथा, डोळखांबजवळ
ता. २० नोव्हेंबर १९३८

तीर्थरूप अनंतमामांचे चरणी गणूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तंबू ठोकून पंधरा दिवस झाले. ज्यांचं काम मी बघतो त्या शेठजींच्या मनात गड म्हणजे मुंबईकरांची रविवारची सहल: आसनगावला गाडीतून उतरावं, मोटारीनं पायथ्याशी यावं, कठडे धरून चढावं, वर चहा प्यावा आणि दुर्बिणीतून कोकण बघावं. घळीतून नव्या पायऱ्या निघाल्यात. माहितीपत्रक तुम्हीच लिहायचं, मात्र शार्दूलविक्रीडितात नको. चढताना लोकांना आधीच धाप लागते.

अडलंय ते तिकीटघर. खालच्या दरवाजातल्या खड्यांच्या राशीवर शेठजींनी छडी टेकली, जागा हीच म्हणाले. मी त्यांना रीत सांगितली: चढताना आपलं नाव घेऊन एक खडा ठेवायचा, उतरताना तोच उचलून टाकायचा. जो राहिला तो वरच राहिलेल्याचा, आणि तो फक्त घरच्या माणसानं हाक मारून उचलायचा, मागं न बघता घरी न्यायचा. शेठजी हसले, म्हणाले, मग हा हजेरीपटच झाला की. पण लखमा मुकादम पाटी खाली ठेवून बसला. म्हणतो, आमी डोंगर फोडू, ही रास नाय हलवणार. आणखी सांगतो की भर दुपारी, माणसं भाकरीला बसली की दरवाजात कोणतरी खडे चाळतं, आपला हरवलेला शोधावा तसं. मी म्हटलं, माकडं असतील. तर विचारतो, माकड उसासा टाकतं का, साहेब?

पायथ्याच्या निम्म्या वाडीला तुम्ही बाराखडी शिकवलीत. एकदा येऊन समजवा. मामीस नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.

आपला
गणू

॥ श्री ॥
मु. शेणवा
ता. २५ नोव्हेंबर १९३८

चिरंजीव गणूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी मामी विचारते की तंबूत जेवतोस का नाय, का साहेबासारखा नुसता चहाच ढोसतोस.

तू गडाचं लिहिलंस आणि मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. अकरा वर्षांपूर्वीची सकाळ डोळ्यापुढं आहे. तू आणि माझा वाळू, दोघंही अठराचे, इथल्या ओढ्यातला एकेक खडा खिशात टाकून निघालात. वरच्या दरवाजावरची झिजलेली अक्षरं कागदावर उतरवून आणा म्हणून मीच तुम्हाला पाठवलं होतं. वाटलं होतं, एखादी जुनी ओवी निघेल आणि मी ती वर्गात म्हणून दाखवीन. एका ओळीच्या हौसेपायी मी पोटचा मुलगा गडावर धाडला. तू उतरलास. तो उतरला नाही. अंग सापडलं नाही, टोपीसुद्धा नाही.

पत्रक लिहीन. रास हलवा असं मात्र मी वाडीला सांगणार नाही. तिच्यात उजव्या हाताला एक पांढऱ्या पट्ट्याचा खडा आहे. दरसाल भात झोडून झालं की मी जाऊन त्याच्यापाशी बसतो. उचलत नाही. उचलला तर माझं वर कोणी उरणार नाही, आणि खालीही नाही. ती जागा मोकळी करायची तुलाच एवढी घाई का, हे मी विचारत नाही.

पत्र धाडत जा. म्हाताऱ्याला पोस्टमन दिसला की बरं वाटतं.

तुझा
अनंतमामा

॥ श्री ॥
पाखरगड पायथा
ता. ४ डिसेंबर १९३८

तीर्थरूप मामांचे चरणी नमस्कार.

काल दुपारी मी एकटाच दरवाजात माप घेत होतो. पाठीमागं खडे सरकले. वळलो तर कोणी नव्हतं. राशीची एक कड उपसल्यासारखी झाली होती, आणि तुमचा तो पांढऱ्या पट्ट्याचा खडा बाजूला काढून ठेवला होता. 'हा नव्हे' म्हणून बाजूला ठेवावा तसा.

मामा, तो वाळूचा नाही. त्या दिवशी अक्षरं उतरवताना आमचं भांडण झालं. मी चिडून एकटा उतरलो. माझा खडा उचलला, आणि त्याची जिरवावी म्हणून त्याचाही उचलून घळीत भिरकावला. आता त्याच घळीतून आमच्या पायऱ्या जातात. वाटलं, येऊन शोधत बसेल आणि रीत मोडून उतरायची त्याची छाती होणार नाही. वाडीवरची सावळी रोज सांजेला रास बघायची. नवा खडा दिसला नाही, तेव्हा दोघंही उतरले असं ती समजली. मीही धरून चाललो की वाळू रुसून धसईला मावशीकडं गेला असेल. शोध सुरू झाला तो दुसऱ्या सांजेला. तिसऱ्या दिवशी मी ओढ्यातून एका पट्ट्याचा खडा आणून गुपचूप तिथं ठेवला.

वाळू दरवाजापर्यंत आला असेल का, खडा शोधून माघारी फिरला असेल का, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारतोय. तिथं तिकीटघर उभं राहिलं की विचारणं थांबेल असं वाटलं होतं.

माया मागण्याचं तोंड नाही.

गणू

॥ श्री ॥
मु. शेणवा
ता. ११ डिसेंबर १९३८

चिरंजीव गणूस आशीर्वाद.

वाळूच्या खड्याला दोन पट्टे होते. ओढ्यातून तो मीच त्याला वेचून दिला होता. राशीतला खडा पहिल्यांदा पाहिला तेव्हाच कळलं की हा दुसऱ्या कुणाच्या हातचा आहे, आणि तो हात कुणाचा हेही कळलं.

राग आला नाही असं म्हणणार नाही. दोन वर्षं मी तुझं नाव या घरात घेऊ दिलं नाही. विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास, आणि मग तुझं पत्रही मला नको झालं असतं. म्हणून वाट पाहिली. दरसाल त्या खड्यापाशी बसून वाटायचं की वर राहिलेले दोघं आहेत. एकाची हाक मला ऐकू येत नाही. दुसरा अधूनमधून पत्र लिहितो.

परवा तू शहापूरला सिमेंट आणायला गेला होतास, तेव्हा मी सावळीला सोबत घेऊन दरवाजात गेलो. तू ठेवलेला तो एका पट्ट्याचा खडा तुझाच मानून उचलला. म्हटलं, गणू, चल घरी. मग मागं न बघता शेणव्यापर्यंत आलो. खडा उंबऱ्याशी ठेवलाय. मामीला सगळं वाचून दाखवलं. ती उठून जात्याशी बसली ती सांजेपर्यंत. मग म्हणाली, पोराला कळवा, नवी नाचणी दळलीय.

तिकीटघर दुसरीकडं बांध. पाहुण्यांना रीत सांग आणि पाळायला लाव. पत्रकात मी तेवढंच लिहिलंय, गद्यात.

मामा

॥ श्री ॥
पाखरगड
ता. १६ जानेवारी १९३९

तीर्थरूप मामा व मामींचे चरणी नमस्कार.

काल उद्घाटन झालं. तिकीटघर चिंचेखाली बांधलं, तिथं सावलीही आहे. शेठजी कुरकुरले, पण खडा ठेवायची पाहुण्यांना इतकी गंमत वाटली की आता तीच जाहिरात करू म्हणतात. एक जाडे वकील स्वतःचं नाव घेताना लाजले, तर बायकोनं त्यांचं नाव उखाण्यात घेऊन खडा ठेवला.

त्रेचाळीस जण चढले. दिवस मावळायच्या आत त्रेचाळीस उतरले. लखमा आणि मी राशीपाशी उभं राहून प्रत्येकाला आपापला खडा उचलायला लावला. सगळे गेल्यावर बघतो तर राशीच्या माथ्यावर एक ताजा खडा शिल्लक होता. माती लागलेला, दोन पट्ट्यांचा.

कुण्या पाहुण्यानं घळीतल्या पायरीवरून सहज उचलून आणला असेल. मी लखमाला तसं म्हटलं. तो म्हणाला, असेल, साहेब. पण गेले दोन दिस दुपारचं चाळणं बंद हाय. घावला म्हनायचा त्याला.

मी हात लावलेला नाही. उद्या सकाळी या पत्रासोबतच डोळखांबहून बैलगाडी धाडतो, मामींनाही घेऊन या. हाक तुम्ही मारा. मी मागं चालेन, आणि मागं वळून बघणार नाही.

माझ्यासकट तिघांचं पान मांडणाऱ्या घरानं चौथ्यासाठीही जागा ठेवावी, ही विनंती.

आपला
गणू