न फाटणारा फोटो

१ ऑक्टोबर, मंगळवार
लागली बाई नोकरी एकदाची, तीही अलेक्झांड्रियात! समुद्रापासून दोन गल्ल्या आत, उस्ताद वग्दींचा फोटोछपाईचा स्टुडिओ. आलेल्या फाइली मी साफ करायच्या, रंग जुळवायचे, मग छपाईला द्यायच्या. उस्तादांनी स्वतः गरम फलाफल मागवले. म्हणाले, "रबाब, पोरी, नवरी लग्नात रडली असली तरी आपल्या छपाईत हसली पाहिजे हं!" माणूस गमत्या आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार
उम्म हिल्मी नावाची म्हातारी आली होती. तिचा मुलगा हिल्मी माझ्याआधी याच खुर्चीत बसायचा. लिबियाला कामाला गेला, असं उस्ताद सांगतात. आईला मात्र त्याचा एक फोन नाही. तिला त्याचा फोटो भिंतीवर मोठा लावायचाय. आहे मोबाइलवरचा, नखाएवढा. उस्तादांनी झटकलंच तिला. एवढासा फोटो ताणला तर फाटणार, म्हणाले, चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसतील. तिला दारापर्यंत सोडताना मी हळूच म्हटलं, खाला, मला पाठवून ठेवा, बघते काय जमतं ते.

५ ऑक्टोबर, शनिवार
फोटो फाटत नाही. ताणावा तितका स्वच्छ होतो! दाढीचे खुंट, ओठावरची भेग... असं कधी होतच नाही. कुणी फाइल बदलली का? लहान फोटो ताणूनही असा राहतो का, म्हणून उस्तादांना सहज विचारलं. ते हसले, जरा जास्तच. म्हणाले, हिल्मीचा फोटो पुसून टाक.
मी हिल्मीचं नाव घेतलंच नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार
सकाळी फाइल गायब. माझ्या फोनमध्ये आहे अजून.
त्याचं बुबुळ मोठं केलं. आत खोली दिसते. हीच. हेच टेबल, हीच खिडकी. उम्म हिल्मीला फोन लावला. ती शपथेवर सांगते, फोटो तिनंच काढलाय, घराच्या गच्चीवर. मग ही खोली—

७ ऑक्टोबर, सोमवार
आणखी ताणला. खुर्चीत हिल्मी, पाठमोरा. मागे उस्ताद. दोन्ही हातांत ताणलेली वायर. हिल्मीची मान—
बाहेर ते गिऱ्हाइकाशी हसतायत.

८ ऑक्टोबर, मंगळवार
छापला. कागदावर वेगळंच उतरलंय. उस्ताद तेच, वायर तीच. खुर्चीत हिल्मी नाही. केशरी ओढणी आहे. मी ती आज पहिल्यांदाच घेतलीय—
पोलिसांकडे जाते. कागद घेऊन. आत्ताच.
शटर ओढलं कुणीतरी. भर दुपारी. आतूनच विचारलं, का? उस्ताद म्हणतात, बस जरा पोरी, जुम्म्याची नमाज आहे.
जुम्मा शुक्रवारी असतो. आज तर मंगळ—