घरघरीपलीकडची सिनोवे

१२ जानेवारी, रविवार
आजही नाही! सिनोवे तिकडे बेटावरून हाका मारत असणार, आणि माझ्या रेडिओच्या रिसीव्हरमध्ये नुसती घरघर. हॉल्व्हार खोकत म्हणाला, "अगं, फोन कर ना तिला." फोनवर सगळे ह्याचीच तब्येत विचारतात. रेडिओवर सिनोवे विचारते – उन्नी, कशी ऐकू येतेय मी? तिथे मी कुणाची तरी मैत्रीण असते, नुसती आजाऱ्याची बायको नाही.

१५ जानेवारी
सिग्नल वाढवणारी डबी मागवली, अँटेनाच्या तारेला जोडली. सिग्नल वाढला – आणि घरघर दुप्पट! रेडिओ क्लबातल्या नवशिक्यांना मीच सांगायची, आधी गोंगाटाचं मूळ शोधा. आणि स्वतः माती खाल्ली.
गॅलरीतून टांगलेली तार बर्फानं वाकलीय. मीही अशीच टांगलेली. ह्याला एकटं सोडून दुकानापर्यंत जाता येत नाही. वीट आलाय. लिहिलं, झालं.

१९ जानेवारी, रविवार
आज रीतसर केलं. रिसीव्हर बॅटरीवर घेतला आणि घरातलं एकेक बंद करत गेले. फ्रीज, दिवे, हीटर. घरघर तशीच. उरलं ह्याचं ऑक्सिजनचं मशीन. मी मशीनकडे बघत राहिले.
"सापडला ना चोर?" तोच म्हणाला. "बघतेस काय! बाटलीवर घे मला."
नको म्हटलं.
"दहा मिनिटं गं! बाटलीतही ऑक्सिजनच असतो."
मशीन बंद केलं – आणि आली सिनोवे! लख्ख! "उन्नी! जिवंत आहेस होय!" मला रडूच आलं. "माइक भिजवू नकोस," म्हणाला हा.

२१ जानेवारी
दोन महिन्यांच्या काळोखानंतर सूर्य परतला. शेजारची गेर्ड ह्या दिवसाचे खास गोड पाव, सूर्याचे बन, घेऊन आली, दारातूनच – "हॉल्व्हार कसा आहे?"
मशीनच्या वायरीला घरघर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या घातल्या. फरक शून्य. खोलीत घरघर, कानात घरघर. वाटतं, एकदाचं थांबू दे हे. छे! काय लिहितेय मी!

२६ जानेवारी, रविवार
पुन्हा बाटली, पुन्हा सिनोवे. हा पलंगावरून ओरडला, "तिला विचार, कॉड मासळी मिळतेय का!" धाप लागली त्याला. मी लवकरच आवरलं.

२ फेब्रुवारी, रविवार
रेडिओ लावला नाही. हात धरून बसले.

१६ फेब्रुवारी, रविवार
गुरुवारी हॉल्व्हारला पुरलं. मशीन न्यायला उद्या माणूस येणार आहे.
रिसीव्हर लावला. घरघर नाही. सिनोवे लख्ख. "उन्नी, ऐकतेस ना?"
उठले, आणि मशीन चालू केलं.