इन म्हणजे आत

पेण, ता. ८ जुलै १९८१

ती. दादास, वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

आईचं बरं म्हणायचं. पाठीची जखम सुकत आली, पण रात्री अजून कुशीवर वळवावं लागतं. वहिनींना सांग, मेतकूट पोचलं.

एक शब्द विचारायचा आहे. परवा शाळा तपासायला साहेब आले होते. माझा वर्ग बघून त्यांनी इंग्रजीत शेरा लिहिला, ‘इनडिफॅटिगेबल’. फॅटिग म्हणजे थकवा आणि इन म्हणजे आत. मधला ‘डि’ काय करतो कोण जाणे. आतून थकलेली, असंच ना? मी तर मुद्दाम इस्त्रीचं पातळ नेसले होते, आवाजही चढा ठेवला होता. तरी त्यांना कळलं. आता घरी बसा म्हणाले तर आईच्या औषधपाण्याचं काय करू? लवकर कळव.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
वृंदा

रोहा, ता. १२ जुलै

चि. वृंदास अ. उ. आ.

अगं वेडे, पेढे वाट. त्या शब्दाचा अर्थ ‘कधीच न थकणारी’. तिथलं ‘इन’ म्हणजे ‘नाही’. अर्थात या ‘इन’चा भरवसा नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अमोल. आणि ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं असं समजून आमचे ड्रिलमास्तर पेट्रोलच्या टँकरला टेकून विडी पेटवणार होते. क्लीनरने हात धरला म्हणून आमच्या शाळेत अजून ड्रिल आहे.

साहेबांची नजर पक्की हो. मीही तुझ्या वहिनीला, लतिकाला, हेच सांगतो, वृंदा दमत नाही. म्हणून तर आम्ही निर्धास्त. दिवाळीत आईला इकडे आणायचं ठरलं होतं, पण आमच्या शरदचं बारावीचं वर्ष. पुढच्या वर्षी बघू. तुला कुठे जड जातंय!

माया आहे, ती वाढो.
दादा

पेण, ता. १६ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अर्थ कळला. नोकरीची काळजी मिटली. पेढे मात्र वाटले नाहीत.

तुझं पत्र येईपर्यंत मी समजत होते, एका परक्या माणसाने घटकाभर माझ्याकडे पाहिलं आणि त्याला दिसलं. ते दिवस फार हलके गेले रे. एरवी भांड्यांना येणारी हौसा तेवढी म्हणते, ताई, जरा टेका गो, तुमी काय लोखंडाच्या हाय? मी हसते आणि पाणी तापवायला जाते.

दादा, मी थकले आहे. काल आईला वळवताना तिचा हात माझ्याकडून जोरात ओढला गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुन्हा असं होईल याची मला भीती वाटते.

त्या शब्दातलं पुढचं ‘इन’ मला नको. साहेबांनी लिहिलेलं खोडता यायचं नाही. तुझं तू खोड.

राग नाही.
वृंदा

रोहा, ता. २० जुलै

चि. वृंदास अ. उ. आ.

तुझं पत्र लतिकाने आधी वाचलं. लगेच तिने शरदचं टेबल जिन्याखाली हलवलं आणि तिथे खिडकीशी खाट लावली. शरदने कुरकुर केली नाही.

रविवारी मी जीप घेऊन येतो. आईला कोणत्या कुशीवर झोप लागते हे मला माहीत नाही, ते लिहायला बसल्यावर कळलं. तेवढं दाखव. बाकी काही आवरून ठेवू नकोस, रांधूही नकोस.

मी येईन तेव्हा तू बसलेली दिसावीस, एवढा लोभ करावा.
दादा