थंड मशीन पळवू नये

ती. दाजी,

पलंगावरूनच साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी खराखुरा आहे, आठही अंगं गादीला टेकलेली आहेत आणि डावी मांडी उठायला तयार नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत, हे विचारायची माझी लायकी राहिलेली नाही. ते उत्तमच असणार. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेल्या माणसाचे गुडघे कुरकुरत नाहीत, कुरकुरतो तो त्याचा मेहुणा. ताईही बरी असेल.

तर झालं असं. धाकटीच्या शाळेत पालकांची आणि मुलांची तीन पायांची शर्यत होती. बापाचा एक पाय लेकीच्या एका पायाला फडक्याने बांधायचा आणि जोडीने पळायचं. तिचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. इतकी वर्षं मला छापखान्यातून सुट्टी मिळाली नाही आणि ती कडेला बसून दुसऱ्यांच्या बापांसाठी टाळ्या वाजवत राहिली. यंदा एकदाची सुट्टी मिळाली. पोर रोज संध्याकाळी फडकं घेऊन समोर उभी राहायची आणि मी पेपरातून मान वर न काढता म्हणायचो, "अगं, पळायला काय शिकायचंय?" तुमचाही फोन आला, की आधी जागच्या जागी चाला, मांड्या सैल करा, मग पळा. मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, दाजी निवृत्त झाले पण तोंडातली शिट्टी काही सुटली नाही. (क्षमा करा. मनापासून.)

आता छापखान्यात माझा दरारा कशाबद्दल, तर सकाळी मशीन थोडा वेळ रिकामं चालवल्याशिवाय मी कुणाला कागद लावू देत नाही. रोलर गार, शाई घट्ट, तशात कागद सोडला की झालंच नुकसान. मागच्याच महिन्यात नव्या कामगाराला यावरून चारचौघांत झापलं. आणि तोच मी, बाकीचे बाप मैदानावर हातपाय झटकत होते तेव्हा खुर्चीत पाय पसरून त्यांना हसत होतो. धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही पण करा ना थोडं." मी म्हणालो, "सिंह काय शिकारीआधी उठाबशा काढतो?" शेजारचे दोघे हसले, त्यामुळे मला आणखी चेव आला.

शिट्टी झाली. आम्ही वाऱ्यासारखे सुटलो. सगळ्यांच्या पुढे होतो, शेवटची फीत हातभर अंतरावर होती, आणि मांडीत काहीतरी तटकन तुटलं. मी आडवा झालो, आणि गाठ पक्की असल्यामुळे माझ्याबरोबर पोरही आपटली. तिचं कोपर सोललं. सिंहाला चौघांनी खुर्चीत घालून नेलं. ती रडली नाही, तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून गरम पाण्याची पिशवी वेळेवर आणून देते, पण बोलत नाही. दाजी, मशीनचा सुटा भाग बाजारात मिळतो, शाळेतली शेवटची शर्यत कुठे मिळणार? फार वाईट वाटतं.

तुमचा,
गादीला खिळलेला मेहुणा

ता. क. ताईला मी शिडीवरून पडलो असं सांगितलंय. तेच राहू द्या.

ता. क. २. बायकोने पत्र वाचलं आणि खरं लिहा म्हणाली. तर, फीत हातभर अंतरावर नव्हती. आमचं पहिलंच पाऊल पडलं होतं.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. मांडी बरी झाली की एखाद्या रविवारी त्याच मैदानावर आम्ही दोघंच पळावं म्हणतो. तुम्ही शिट्टी घेऊन याल का? आणि धाकटीला तुम्हीच विचाराल का? मी विचारलं की ती भिंतीकडे बघते.

ता. क. ४. पाकीट चिकटवायला धाकटीकडे दिलं होतं, ती पत्र वाचून परत आली. हातात ते फडकं. तिने माझा दुखरा पाय आपल्या पायाला बांधला, मला खांद्याचा आधार दिला आणि हळूहळू दारापर्यंत नेऊन परत आणलं. मग म्हणाली, "आतोबांना लिहा, सावकाश या. अजून मशीन रिकामंच चालवायचंय."