बुटाची नाडी

प्रिय ताई, तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

बास्केटबॉलच्या जागतिक स्पर्धेत आपण उपांत्य फेरीत पोचलो! इथल्या उंच माणसांत मीच बुटका. जेवण चांगलं आहे, पलंग मात्र तोकडा, पाय बाहेर लोंबतात. आईचे गुडघे काय म्हणतात?

एक गंमत सांगतो. काल खेळताना मी सारखा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. मध्यंतरात संघाचे डॉक्टर जवळ येऊन म्हणाले, "नाडी बघू." मी पाय पुढे केला! सगळे खो खो हसले. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. ते काही हसले नाहीत.

उद्या खेळू नकोस म्हणतात. पण कर्णधाराचा पाय मुरगळलाय, मग बास्केटखाली उभं कोण राहणार? खेळतोच.

अण्णा जिना चढताना मधेच थांबून, वाकून चपलेचा अंगठा नीट करायचे, आठवतं? गेले त्या दिवशीही केला होता. चप्पल तर नवी होती गं.

हे आईला वाचून दाखवू नकोस. उद्या टीव्हीवर मी वाकलेला दिसलो, तर तिला म्हण, नाडी सुटली असेल.

तुझा,
लंब्या