खेळघरातली खुर्ची

अगं,

माणसाने आयुष्यात एक तरी भक्कम वस्तू स्वतःच्या हाताने घडवावी, असं माझं ठाम मत आहे. नातीच्या खेळघरासाठी मी केलेली खुर्ची चारपैकी तीनच पायांवर टेकते.

ती घेऊन सुताराकडे जातोय. कालच त्याने विचारलं, "काका, मुलगी केवढी आहे?" मी माप धरलं होतं दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवरून, आणि ती खूण चौथ्या वाढदिवसाची. पोर आता सात पूर्ण करेल. म्हणजे चारही पाय नवे आले.

दुपारी लेकीचा फोन आला, तर पोरीचं गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती भरतं ते विचारून ठेव. मी विचारलंय असं सांगू नकोस. त्या भांडणानंतर आमचं बोलणं "बरं आहे ना" च्या पुढे गेलेलं नाही. एकदम गुडघ्यावर आलो तर ती घाबरेल. परकर शिवतेय म्हण.

टेबलाचा रंग ओला आहे, त्यावर भाजी निवडायला बसू नकोस. खेळघराच्या खिडकीला पडदा लागेल, तुझी जुनी निळी ओढणी चालेल का?

त्या दोघी येणार आहेत, असं अजून कोणीच म्हटलेलं नाही.