उरलेली मेणबत्ती

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसही, म्हणजे हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. म्हणूनच लिहायला धीर येतोय.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला की तू मला घेऊन गावाबाहेरच्या दफनभूमीत जायचीस. आजी, आजोबा, थोरले काका, प्रत्येकाच्या मातीवर एकेक मेणबत्ती लावायचीस. काटेरी तारेच्या कुंपणापलीकडे, पळसाखाली, मातीचा एक लहानसा उंचवटा होता. ती माझी बहीण. सकाळी जन्मली. बाबा फादरांना आणायला गेले ते नाल्याच्या पुरामुळे पलीकडेच अडकले, आणि संध्याकाळी बाप्तिस्म्याआधीच ती गेली. अशा लेकराला कुंपणाच्या आत जागा नाही आणि स्वर्गातही नाही, असं आपल्याला शिकवलेलं. मग मेणबत्ती तरी कशी लावणार? तरी दरवर्षी तुझ्या ओच्यात एक जास्तीची असायचीच. मी विचारायचो, "माय, ही कोणाची वं?" तू कुंपणाकडे न बघता म्हणायचीस, "उरली रे. चाल, अंधार होऊन राह्यला."

एकदा चिमणीतलं रॉकेल संपलं होतं. तू मिशनच्या वसतिगृहात पोरांचा भात रांधून दमून घरी आलीस, आणि बघतेस तर मी तांदळाच्या डब्यामागे जपून ठेवलेली ती उरलेली मेणबत्ती पेटवून जेवायला बसलोय. तू फुंकर मारलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. "तिले हात नोको लावू! अंधारात जेव." आपण दोघं अंधारात जेवलो. मला वाटलं, माझी माय कंजूष आहे.

वीज केंद्रात नोकरी होती तोवर मी बॉयलरचे काटे सोडून फारसं काही वाचलं नाही. रिटायर झालो, ऊर्जानगरचं क्वार्टर सोडून चंद्रपुरात घर बांधलं, आणि रिकामपणाचा उद्योग म्हणून आपल्याच धर्माचा इतिहास वाचायला घेतला. बायको म्हणाली, या वयात देवाची चौकशी कशाला? वाचता वाचता कळलं, की त्या लेकरांना स्वर्ग बंद हा कधी पक्का नियम नव्हताच. जुन्या पंडितांचा तो तर्क होता. आणि फादर नसले, जीव जात असला, तर कोणीही, अगदी सुईणसुद्धा, डोक्यावर पाणी ओतून चार शब्द म्हणाली की बाप्तिस्मा होतो. हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. घरात पाण्याचा गुंड भरलेला होता, माय, आणि तुम्ही दिवसभर फादरांची वाट बघत बसलात.

आधी राग आला. मग आठवलं, धर्मशिक्षणाच्या वर्गात हाच धडा घडाघडा म्हणून दाखवल्याबद्दल मला जपमाळ बक्षीस मिळाली होती. बाप्तिस्म्याविना मेलेलं बाळ देवाला पाहू शकत नाही, असं मी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलं, आणि मागच्या चटईवर बसून तू टाळ्या वाजवल्यास. त्या टाळ्या आठवल्या की मला तोंड लपवावंसं वाटतं.

आता माझा विश्वास किती उरलाय, मला सांगता येत नाही. पण रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो, वाचन करतो, मंडळाच्या बैठकीत मानाने बोलतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

यंदा मृतांच्या दिवशी गावी गेलो. तुझ्या मातीवर मेणबत्ती लावली, बाबांच्याही. एक जास्तीची मुद्दाम आणली होती. कुंपणापर्यंत गेलो. पळस अजून आहे, उंचवटा मात्र सपाट झालाय. तार वाकवून पलीकडे पाय टाकणार, तेवढ्यात मागून नवे फादर आले, माझ्या मुलापेक्षाही तरुण. गावची चार माणसंही वळून बघायला लागली. फादरांनी मायेनं विचारलं, "अंकल, तिकडे कोणी आहे का तुमचं?"

एवढी पुस्तकं वाचलेला मी म्हणालो, "नाही."

तुला निदान धाक होता. मला कशाचा होता?

दुसऱ्या दिवशी बायकोने धुवायला काढलेल्या सदऱ्याचा खिसा तपासला. "काहो, ही मेणबत्ती कोणाची?"

"उरली," मी म्हणालो.